‘कैसर-इ-हिंद’ पदक : सेवेचा गौरव, सत्तेची मोहोर

लंबवर्तुळाकार आकार, कडेला पानाफुलांची नक्षी, एका बाजूस राजाचे अथवा राणीचे मुद्राक्षर आणि दुसऱ्या बाजूस ‘कैसर-इ-हिंद : हिंदुस्थानातील लोकसेवेबद्दल’ अशा अर्थाची इंग्रजी अक्षरे. गडद निळ्या फितीला अडकवून छातीच्या डाव्या बाजूस लावावयाचे हे पदक इंग्रजी अमदानीतील भारतात जवळजवळ अर्धे शतक दिले जात होते. दुष्काळात अन्नछत्रे चालवणारे मिशनरी, प्लेगच्या साथीत राबणारे डॉक्टर आणि परिचारिका, अनाथाश्रमांच्या संचालिका, एक विख्यात चित्रकार, एक नरभक्षक वाघांचा शिकारी आणि मोहनदास करमचंद गांधी अशी नाना तऱ्हेची माणसे या एका पदकाच्या यादीत एकत्र आलेली दिसतात. यांपैकी काहींनी ते अभिमानाने बाळगले, काहींनी संकोचाने घेतले आणि काहींनी सरकारला परत केले. पदकाचा इतिहास सरकारी दप्तरापलीकडे जाऊन वाचावासा वाटतो, तो या तिसऱ्या प्रकारच्या मंडळींमुळे.

पदकाच्या आधी त्याच्या नावाकडे पाहावे लागते. १८७६ साली ब्रिटिश पार्लमेंटने कायदा करून व्हिक्टोरिया राणीला भारताची सम्राज्ञी हे बिरुद घेण्याची मुभा दिली. इंग्रजीत हे बिरुद सोपे होते. देशी भाषांत काय म्हणावे, हा प्रश्न पडला. ‘पादशहा’ किंवा ‘शहेनशहा’ म्हटले तर दिल्लीच्या मोगल तख्ताची आठवण. ‘चक्रवर्ती’ किंवा ‘राजाधिराज’ म्हटले तर हिंदू परंपरेची. लाहोरच्या सरकारी महाविद्यालयाचे प्राचार्य आणि प्राच्यविद्येचे अभ्यासक जी. डब्ल्यू. लाइटनर यांनी तोड काढली. रोमच्या सीझरला अरबी-फारसी ग्रंथकार ‘कैसर’ म्हणत आले होते. जर्मनांचा ‘कैझर’ आणि रशियाचा ‘झार’ यांचे मूळही तेच. हा शब्द कानाला परका नव्हता आणि कोणत्याही देशी राजघराण्याच्या मालकीचाही नव्हता. त्याला ‘हिंद’ जोडून ‘कैसर-इ-हिंद’ हे बिरुद सिद्ध झाले आणि १ जानेवारी १८७७ रोजी लॉर्ड लिटनच्या दिल्ली दरबारात त्याची द्वाही फिरली.

त्याच दरबाराला पुण्याच्या सार्वजनिक सभेचे प्रतिनिधी म्हणून गणेश वासुदेव जोशी, म्हणजे आपले ‘सार्वजनिक काका’, गेले होते. जरीच्या झगमगाटात ते हातसुताच्या खादीत उभे राहिले आणि महाराणीच्या हिंदी प्रजेला ब्रिटिश प्रजेच्या बरोबरीचा राजकीय व सामाजिक दर्जा मिळावा, अशी मागणी सभेच्या वतीने त्यांनी केली. बिरुदाच्या जन्मदिवशीच त्याला विचारला गेलेला हा पहिला मराठी प्रश्न म्हणावा लागेल.

प्रत्यक्ष पदक निघाले ते त्यानंतर तेवीस वर्षांनी. १० एप्रिल १९०० रोजी राणीच्या आज्ञापत्राने त्याची स्थापना झाली. तोवर सरकारकडे मानसन्मानांची वाण नव्हती. ‘स्टार ऑफ इंडिया’ १८६१ पासून आणि ‘इंडियन एंपायर’ १८७८ पासून अस्तित्वात होते. पण ते मुख्यतः संस्थानिक, वरिष्ठ अंमलदार आणि दरबारी प्रतिष्ठितांसाठी. खालच्या पायरीवर रावबहादूर, रायबहादूर, खानबहादूर या पदव्यांचा बाजार होता. ‘कैसर-इ-हिंद’चे वेगळेपण त्याच्या आज्ञापत्रातच होते. वंश, व्यवसाय, पद किंवा स्त्री-पुरुष असा कोणताही भेद न करता, हिंदुस्थानातील लोकहिताच्या वाढीसाठी महत्त्वाची व उपयुक्त सेवा करणाऱ्या कोणाही व्यक्तीला ते देता येत असे. १९०० सालच्या सरकारी कागदात ‘स्त्री-पुरुष भेद न करता’ हे शब्द यावेत, ही लहान गोष्ट नव्हे. या पदकाच्या मानकऱ्यांत स्त्रियांची नावे पुन्हा पुन्हा भेटतात, त्याचे मूळ या तरतुदीत आहे.

प्रारंभी पदकाचे सुवर्ण आणि रौप्य असे दोनच वर्ग होते. कांस्य वर्ग पुढे आला. सुवर्णपदक भारतमंत्र्याच्या शिफारशीवरून प्रत्यक्ष राजा देई. त्याखालचे वर्ग व्हाइसरॉयच्या अखत्यारीत होते. ज्याला एकदा पदक मिळाले त्याने पुन्हा तशीच सेवा केली, तर फितीवर एक पट्टी वाढवून मिळे. नावापुढे मात्र कोणतीही अक्षरे लावण्याचा अधिकार या पदकाने येत नसे. सी.आय.ई. किंवा के.सी.एस.आय. ही अक्षरे मिरवणाऱ्या त्या काळात ही उणीव अनेकांना खुपली असावी, कारण पुष्कळ जुन्या पुस्तकांत नावांपुढे ‘के.आय.एच.’ अशी नियमबाह्य अक्षरे लावलेली आढळतात.

पदक १९०० सालीच का निघाले, हे समजण्यासाठी त्या काळाकडे नजर टाकली पाहिजे. १८९६-९७ चा दुष्काळ ओसरतो न ओसरतो तोच १८९९-१९०० चा महादुष्काळ आला. गुजरात-राजस्थानात तो ‘छप्पनिया’ या नावाने आजही लोकांच्या आठवणीत आहे, आणि मुंबई इलाख्यानेही त्याची झळ सोसली. त्यातच १८९६ मध्ये मुंबईत प्लेग शिरला आणि तेथून पुण्याकडे सरकला. सरकारी यंत्रणा अपुरी पडत होती. खासगी व्यक्ती, धर्मादाय संस्था, मिशने, स्थानिक पुढारी यांच्या मदतीवाचून निभाव लागणे अशक्य झाले होते. अशा मदतीची दखल घेणारे, परंतु मदत करणाऱ्याला दरबारी मानकरी न बनवणारे असे एखादे चिन्ह सरकारला हवे होते.

महाराष्ट्रातील प्रारंभीच्या मानकऱ्यांत रॉबर्ट ॲलन ह्यूम यांचे नाव ठळक आहे. अमेरिकन मराठी मिशनचे हे पाद्री १८४७ मध्ये मुंबईतच जन्मले. त्यांची कर्मभूमी अहमदनगर, म्हणजे आजचे अहिल्यानगर. दुष्काळाच्या वर्षांत त्यांनी अमेरिकेतून येणाऱ्या मदतीचे वाटप केले, आणि त्याबद्दल १९०१ मध्ये त्यांना सुवर्णपदक मिळाले. मानकरी ब्रिटिश प्रजाजन नव्हता, अमेरिकन होता, हेही लक्षात घेण्याजोगे. सेवा या भूमीत घडली असली म्हणजे पुरे, असा हा हिशेब होता.

प्लेगच्या बाबतीत मात्र सेवा आणि सत्ता यांचे नाते इतके सरळ राहिले नाही. पुण्यात प्लेग निवारणाच्या नावाखाली गोऱ्या सोजिरांनी घरात घुसून घेतलेल्या झडत्या आणि त्यातून उसळलेला संताप मराठी वाचकास नव्याने सांगण्याची गरज नाही. २२ जून १८९७ च्या रात्री, राणीच्या राज्यारोहणाच्या हीरक महोत्सवाचा समारंभ आटोपून परतणाऱ्या रँडवर चापेकर बंधूंनी गोळी झाडली ती गणेशखिंडीच्या रस्त्यावर. त्याच साथीत, त्याच पुण्यात, त्याच्या तीन महिने आधी सावित्रीबाई फुले गेल्या. प्लेगची लागण झालेल्या मुलाला पाठीवरून उपचारासाठी नेताना त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. हे पदक तेव्हा अस्तित्वातही नव्हते.

पुण्याच्या या प्लेगकाळातील आणखी एक प्रसंग पुढच्या कथेशी थेट जोडलेला आहे. पंडिता रमाबाईंच्या आश्रमातील एका मुलीला प्लेगच्या सरकारी व्यवस्थेत जी वागणूक मिळाली, तिच्याविषयी रमाबाईंनी मे १८९७ मध्ये ‘बॉम्बे गार्डियन’ या पत्रातून उघडपणे तक्रार केली. एरवी रमाबाईंशी कडाक्याचे मतभेद असलेल्या टिळकांनीही या प्रश्नावर आवाज उठवला आणि प्रकरण पार विलायतेच्या पार्लमेंटपर्यंत गेले. म्हणजे सरकारच्या लेखी रमाबाई ही गैरसोयीची बाई होती. दुष्काळाच्या दोन्ही फेऱ्यांत त्यांनी मध्य प्रांतातून आणि गुजरातेतून निराधार मुली व विधवा केडगावच्या मुक्तिसदनात आणल्या, त्यांना अन्न दिले, लिहावयास शिकवले, हाताला काम दिले. या कार्याबद्दल सरकारने त्यांना ‘कैसर-इ-हिंद’ पदक दिले ते १९१९ मध्ये, म्हणजे तक्रारीनंतर बावीस वर्षांनी आणि त्यांच्या मृत्यूच्या तीन वर्षे आधी. तक्रार करणाऱ्याचा गौरव सरकारने करावा, यात औदार्य पाहावे की विस्मरण, हे ज्याचे त्याने ठरवावे.

‘लोकसेवा’ या शब्दाची व्याप्ती सरकारने बरीच सैल ठेवली होती. १९०४ मध्ये लॉर्ड कर्झनच्या काळात राजा रविवर्मा यांना सुवर्णपदक मिळाले. त्यांनी ना अन्नछत्र चालवले होते, ना इस्पितळ. पण त्यांनी स्थापन केलेल्या छापखान्यातून, आधी घाटकोपरला आणि नंतर लोणावळ्याजवळच्या मळवलीला छापलेली देवदेवतांची चित्रे घरोघरी पोहोचली होती. गंमत अशी, की पदकाच्या सरकारी घोषणेत त्यांच्या नावामागे ‘राजा’ शब्द लागला. किळिमानूरच्या घराण्यातील या चित्रकाराला त्रावणकोरच्या रीतीप्रमाणे ‘राजा’ म्हणवून घेण्याचा अधिकार नव्हता, म्हणून आक्षेपही निघाले. परंतु लोकांच्या तोंडी बसलेला ‘राजा’ काही सुटला नाही. नावाला काहीही न जोडणाऱ्या पदकाने एका मानकऱ्याच्या नावाला कायमचे बिरुद चिकटवले.

१९०९ च्या सुवर्णपदकाच्या मानकरी कॉर्नेलिया सोराबजी. जन्म १८६६ मध्ये नाशिकचा, शिक्षण पुण्याच्या डेक्कन कॉलेजात, मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या स्त्री-पदवीधर, आणि पुढे ऑक्सफर्डला १८९२ मध्ये कायद्याच्या परीक्षेस बसलेल्या पहिल्या स्त्री. १९०४ पासून त्या बंगालच्या ‘कोर्ट ऑफ वॉर्ड्स’मध्ये काम करीत होत्या. पडद्यात राहणाऱ्या जमीनदार विधवांची इस्टेट नातेवाईक आणि कारभारी लाटत असत, आणि परपुरुषापुढे न येण्याच्या रूढीमुळे या स्त्रियांना वकीलही गाठता येत नसे. अशा शेकडो स्त्रिया आणि अल्पवयीन मुले यांच्या हक्कांसाठी कॉर्नेलियाबाई पालखीतून, होडीतून, हत्तीवरूनही फिरल्या. सरकारने या सेवेला सोन्याचे पदक दिले. परंतु ज्या वर्षी पदक दिले त्या वर्षी वकील म्हणून न्यायालयात उभे राहण्याचा अधिकार त्यांना नव्हता. स्त्रियांना वकिली खुली करणारा कायदा यावयास १९२३ साल उजाडले. छातीवर सुवर्णपदक आणि न्यायालयाचे दार बंद, अशी ही चौदा वर्षे होती. तरीही त्या अखेरपर्यंत साम्राज्याच्या निष्ठावंत राहिल्या आणि गांधीजींच्या चळवळीवर त्यांनी कठोर टीका केली. पदक घेणारे सारे एका माळेचे मणी नव्हते.

गांधीजींचे प्रकरण मुळापासून पाहण्याजोगे आहे. दक्षिण आफ्रिकेत १८९९-१९०० च्या बोअर युद्धात त्यांनी सुमारे अकराशे हिंदी लोकांचे शुश्रूषा पथक उभारले आणि जखमी सैनिकांना डोलीतून वाहून नेले. १९०६ मध्ये झुलूंच्या उठावावेळी पुन्हा असेच, पण विसेक जणांचे पथक घेऊन ते गेले, आणि तेथे गोऱ्या परिचारकांनी टाकून दिलेल्या झुलू जखमींची सेवा त्यांच्या वाट्याला आली. या दोन्ही कामगिऱ्यांची दोन युद्धपदके त्यांना मिळाली. १९१४ मध्ये महायुद्ध पेटले तेव्हा लंडनमधील हिंदी विद्यार्थ्यांचे शुश्रूषा पथक उभे करण्यातही त्यांचाच पुढाकार होता. ९ जानेवारी १९१५ रोजी ते मुंबईला उतरले आणि त्याच वर्षीच्या जून महिन्यात, राजाच्या वाढदिवसाच्या सन्मानयादीत त्यांना ‘कैसर-इ-हिंद’ सुवर्णपदक जाहीर झाले. दक्षिण आफ्रिकेतील मानवतावादी कार्य, असे त्याचे निमित्त होते. त्या वेळचे व्हाइसरॉय लॉर्ड हार्डिंग यांनी १९१३ मध्ये मद्रासला केलेल्या भाषणात तेथील हिंदी सत्याग्रहींविषयी जाहीर सहानुभूती दाखवली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे या पदकामागची भूमिका उलगडते. ब्रिटिश साम्राज्यात नागरिकत्वाचे हक्क हवे असतील तर संकटकाळी त्या साम्राज्याची सेवा केली पाहिजे, हा तेव्हाचा गांधींचा विश्वास होता. पदक त्यांनी आनंदाने घेतले.

पाचच वर्षांत तो विश्वास ढासळला. रौलट कायदा, १३ एप्रिल १९१९ चे जालियनवाला बागेतील हत्याकांड, पंजाबातील लष्करी कायद्याचा अंमल आणि खिलाफतीच्या प्रश्नावर मोडलेली वचने, असा तो क्रम आहे. हत्याकांडानंतर काही आठवड्यांत रवींद्रनाथ ठाकुरांनी ‘सर’ ही पदवी सोडत असल्याचे पत्र व्हाइसरॉय चेम्सफर्डना लिहिले. सरोजिनी नायडूंनी आपले ‘कैसर-इ-हिंद’ पदक त्याच निषेधापोटी परत केले. १ ऑगस्ट १९२० रोजी गांधीजींनी चेम्सफर्डना पत्र लिहून तीनही पदके परत पाठवली. हे करताना आपल्याला वेदना होत आहेत, असे त्यांनी पत्राच्या आरंभीच नमूद केले. हे मान आपल्याला मोलाचे वाटत आले आहेत. परंतु मुसलमान देशबांधवांच्या धर्मभावनेवर झालेला अन्याय दूर होत नाही तोवर ते निश्चिंत मनाने अंगावर वागवता येणार नाहीत, हा त्याचा आशय होता. पंजाबच्या प्रश्नावर सरकारने दाखवलेल्या बेपर्वाईचाही पत्रात उल्लेख आहे.

तो दिवस मराठी माणसाच्या स्मरणात वेगळ्याच कारणाने कोरलेला आहे. त्याच दिवशी पहाटेपूर्वी मुंबईच्या सरदारगृहात लोकमान्य टिळकांनी प्राण सोडला. गांधीजी त्या दिवशी मुंबईतच होते आणि टिळकांच्या अंत्ययात्रेत सामील झाले होते. असहकाराची चळवळ सुरू करण्याचा ठरलेला मुहूर्तही तोच.

गांधीजींनी आपण केलेली शुश्रूषा नाकारली नाही. जखमींना उचलणे चुकले, असे ते म्हणाले नाहीत. सेवा तीच राहिली, तिच्यावर उमटलेली राजमुद्रा मात्र त्यांना नकोशी झाली. पदव्या आणि मानद पदे सोडणे हा असहकाराच्या कार्यक्रमातील पहिलाच मुद्दा होता. सप्टेंबर १९२० मध्ये काँग्रेसच्या कलकत्त्याच्या विशेष अधिवेशनाने आणि डिसेंबरात नागपूरच्या अधिवेशनाने त्याला मान्यता दिली. वर्ध्याच्या जमनालाल बजाजांनी १९२१ मध्ये ‘रायबहादूर’ सोडली, दिल्लीच्या हकीम अजमल खानांनी आपले सरकारी मान परत केले. परंतु एकंदर हिशेब पाहता पदव्या सोडणाऱ्यांची संख्या अत्यल्पच राहिली. विद्यार्थ्यांनी शाळा सोडल्या, वकिलांनी वकिली सोडली. पदवीधारक मात्र बहुतांशी जागचे हलले नाहीत.

पदक नाकारण्याची आणखी एक तऱ्हा होती आणि तिचा राजकारणाशी संबंध नव्हता. तमिळ प्रदेशातील दोहनावूर येथे देवळांना वाहिलेल्या मुलींसाठी आश्रम चालवणाऱ्या आयरिश मिशनरी एमी कारमायकेल यांना १९१९ मध्ये हे पदक जाहीर झाले. आपण हे न घेतले तर फार उद्धटपणाचे होईल काय, अशी विचारणा त्यांनी वरिष्ठांकडे केली. आपल्या धर्मगुरूला जगाने तुच्छतेने वागवले आणि आपल्याला मात्र मान मिळतो, ही विसंगती त्यांना सलत होती. लोकांनी समजूत घातल्यावर त्यांनी पदक स्वीकारले. पण मद्रासच्या समारंभाला त्या गेल्या नाहीत.

१९२० नंतरही पदके वाटली जात राहिली. १९२८ मध्ये कुमाऊँचे जिम कॉर्बेट मानकरी ठरले. वेल्लोरच्या डॉ. आयडा स्कडर, लुधियानाच्या डॉ. एडिथ ब्राऊन यांसारख्या वैद्यकीय शिक्षणाच्या क्षेत्रातील स्त्रियांनाही ते मिळाले. त्यांनी उभारलेल्या संस्था आजही रुग्णांनी गजबजलेल्या आहेत. नियमावलीत १९३३ आणि १९३९ मध्ये दुरुस्त्या झाल्या, मुद्राक्षरे व्हिक्टोरियाची बदलून अनुक्रमे सातव्या एडवर्डची, पाचव्या जॉर्जची, सहाव्या जॉर्जची आली. १९४७ मध्ये स्वातंत्र्याबरोबर पदक बंद झाले. ज्या बिरुदावरून त्याला नाव मिळाले, ते ‘भारताचा सम्राट’ हे बिरुद सहाव्या जॉर्जने औपचारिकपणे सोडले ती तारीख २२ जून १९४८. रँडवरील हल्ल्याला त्या दिवशी बरोबर एक्कावन्न वर्षे झाली, हा निव्वळ योगायोग.

स्वतंत्र भारताच्या राज्यघटनेतील अठराव्या अनुच्छेदाने पदव्या रद्द केल्या. लष्करी आणि विद्याविषयक उपाधींचा तेवढा अपवाद ठेवला. २ जानेवारी १९५४ रोजी ‘भारतरत्न’ आणि ‘पद्म’ सन्मान सुरू झाले तेव्हा हा प्रश्न पुन्हा समोर आला. पद्म सन्मानाचे आरंभी ‘पहिला वर्ग, दुसरा वर्ग, तिसरा वर्ग’ असेच भाग होते आणि त्यात सुवर्ण-रौप्य-कांस्याच्या जुन्या उतरंडीची छाया दिसते. १९५५ च्या जानेवारीत त्यांना पद्मविभूषण, पद्मभूषण, पद्मश्री ही नावे मिळाली. आचार्य कृपलानींनी हे सन्मान बंद करण्यासाठी १९६९ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक आणले, ते संमत झाले नाही. मोरारजी देसाईंच्या सरकारने १९७७ मध्ये ते थांबवले आणि १९८० मध्ये ते पुन्हा सुरू झाले. अखेर डिसेंबर १९९५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्वाळा दिला, की हे सन्मान म्हणजे पदव्या नव्हेत. मात्र नावाच्या मागे किंवा पुढे ते लावता येणार नाहीत. नावाला अक्षरे न जोडण्याचा १९०० सालचा दंडक असा वेगळ्या कारणाने, वेगळ्या राज्यात कायम राहिला. आणि परत करण्याची रीतही थांबली नाही. आनंदवनात कुष्ठरोग्यांची सेवा करणारे बाबा आमटे यांनी नर्मदा आंदोलनाच्या काळात आदिवासींच्या प्रश्नावरून आपला पद्म सन्मान सरकारला परत केला.

‘कैसर-इ-हिंद’ हे नाव आता पदकावर उरलेले नाही. पण इतरत्र भेटते. १८८२ मध्ये मुंबईत निघालेल्या पारशी मंडळींच्या गुजराती साप्ताहिकाचे ते नाव होते. बॅलार्ड इस्टेटमधील जुन्या इमारतीवर ते आहे. एप्रिल २०२५ मध्ये तेथे आग लागली तेव्हा पुष्कळ मुंबईकरांनी हे नाव प्रथमच ऐकले. आणि पूर्व हिमालयाच्या उंच जंगलांत हिरव्या पंखांचे एक दुर्मिळ फुलपाखरू आहे, त्यालाही याच नावाने ओळखतात. अरुणाचल प्रदेशाने २०२१ मध्ये त्याला राज्य फुलपाखराचा मान दिला.